ऊन पाण्याचे स्नान आणि खेळाडूंची दुखणी : गुण खनिजांचा की उष्णतेचा?

बंगळुरू : देशभरातील खेळाडू सरावासाठी आणि दुखापतीतून सावरण्यासाठी ज्या शहरात येतात, त्या बंगळुरूच्या आसपास ऊन पाण्याचा एकही प्रसिद्ध नैसर्गिक झरा नाही. उलट कोकण किनाऱ्यावर पालघरपासून राजापूरपर्यंत अशा झऱ्यांची रांगच आहे. सांधेदुखी, अंगदुखी आणि त्वचाविकारांवर गुण येतो या श्रद्धेने लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या स्नानाला जातात. त्यांत तालमीतले मल्ल, कबड्डीपटू आणि धावपटूही असतात. खनिजयुक्त ऊन पाण्याने खेळाडूची दुखणी खरोखर कमी होतात का, होत असल्यास ती कशामुळे, आणि हेच स्नान अपायकारक केव्हा ठरते, या प्रश्नांची उत्तरे गेल्या दोन दशकांतील संशोधनातून बरीच स्पष्ट झाली आहेत.

या संशोधनाचे सार असे, की पाण्याचा उपयोग होतो; मात्र त्याचे श्रेय प्रामुख्याने उष्णता, तरंगण्याची अवस्था आणि पाण्याचा दाब यांना जाते. खनिजांचा वाटा अद्याप ठामपणे सिद्ध झालेला नाही. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे स्नानाची वेळ. ताज्या दुखापतीवर घेतलेले ऊन पाण्याचे स्नान सूज वाढवू शकते, तर योग्य वेळी घेतलेले तेच स्नान आखडलेले स्नायू मोकळे करते.

बंगळुरूचे स्थान

बंगळुरू हे भारतीय क्रीडावैद्यकाचे एक प्रमुख केंद्र आहे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या येथील नेताजी सुभाष दक्षिण केंद्रात पुरुष आणि महिला हॉकी संघांची राष्ट्रीय शिबिरे भरतात. राष्ट्रीय क्रिकेट अकादमी २००० साली याच शहरात सुरू झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने देवनहळ्ळीच्या बाजूला, विमानतळापासून जवळ, नवे उत्कृष्टता केंद्र उघडले. तेथे खेळपट्ट्या व व्यायामशाळेबरोबरच पोहण्याचा तलाव आणि पाण्यातील उपचारांची सोय करण्यात आली आहे. बंगळुरूतच वाढलेले मराठी भाषिक कुटुंबातील राहुल द्रविड हे २०१९ ते २०२१ या काळात अकादमीचे प्रमुख होते. प्रकाश पदुकोण आणि द्रविड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रीडा उत्कृष्टता केंद्रात बॅडमिंटन, पोहणे आणि अन्य खेळांच्या प्रशिक्षणासोबत क्रीडाविज्ञानाच्या सेवाही मिळतात.

स्पर्धात्मक खेळापलीकडे निसर्गोपचाराचीही या शहरात परंपरा आहे. तुमकूर रस्त्यावरील जिंदाल निसर्गोपचार संस्था १९७९ पासून कटिस्नान, वाफारा आणि पाण्याचे अन्य उपचार देत आहे. महाराष्ट्रात महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९४६ मध्ये उरुळी कांचन येथे सुरू झालेला निसर्गोपचार आश्रम याच विचारधारेतला आहे.

या सर्व ठिकाणी वापरले जाणारे पाणी मात्र साधे, तापवलेले किंवा थंड केलेले असते. बंगळुरूच्या पोटात अतिप्राचीन ग्रॅनाइट आणि नाईस खडक आहेत. कर्नाटकात ऊन पाण्याचा झरा पाहायचा तर दक्षिण कन्नड जिल्ह्यातील पुत्तूर तालुक्यात, इर्दे गावाजवळच्या बेंद्रु तीर्थापर्यंत जावे लागते. तेथील गंधकयुक्त पाणी ऊन असले तरी उकळते नाही.

कोकणातील झरे कसे तयार झाले

ऊन पाण्याच्या झऱ्यांना मराठीत ‘उन्हाळे’ असाही शब्द आहे. उन्हवरे, उन्हेरे, उन्हाळे, उनपदेव, उनकेश्वर ही गावांची आणि तीर्थांची नावे तीच ओळख सांगतात. दापोली तालुक्यातील उन्हवरे, पालीजवळील उन्हेरे, महाडजवळील सव, संगमेश्वर तालुक्यातील आरवली, तुरळ व राजवाडी, राजापूरजवळील उन्हाळे, जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यातील उनपदेव आणि नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील उनकेश्वर ही त्यांतील परिचित ठिकाणे होत. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथे कुंडांचा समूहच आहे. वज्रेश्वरीचे मंदिर चिमाजी अप्पांनी १७३९ च्या वसईच्या विजयानंतर नवस फेडण्यासाठी बांधविले, अशी परंपरा आहे.

या झऱ्यांचा ज्वालामुखीशी आज संबंध नाही. पावसाचे पाणी खडकांतील भेगांतून खोलवर झिरपते. भूगर्भात प्रत्येक किलोमीटर खोलीमागे तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढत जाते. तेथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगांतून पुन्हा वर येते आणि वाटेतील खडकांतून सोडियम, कॅल्शियम, क्लोराइड, सल्फेट असे क्षार घेऊन येते. काही झऱ्यांना येणारा सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा असतो. त्यावरूनच लोक त्या पाण्याला गंधकाचे पाणी म्हणतात. कोकणातील झऱ्यांचे तापमान सुमारे ३४ अंशांपासून ७० अंशांपर्यंत आढळते. देशभरात अशा तीनशेहून अधिक जागांची नोंद आहे. त्यांत लडाखमधील पुगा, हिमाचल प्रदेशातील मणिकर्ण, पश्चिम बंगालमधील बक्रेश्वर आणि बिहारमधील राजगीर यांचा समावेश होतो.

राजगीरचा भारतीय हॉकीशी अलीकडे जवळचा संबंध आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय महिलांनी तेथे चीनला १-० असे हरवून आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पुरुष संघाने तेथेच दक्षिण कोरियाला ४-१ असे नमवून आशिया चषक पटकावला. ब्रह्मकुंडाच्या ऊन पाण्यासाठी शतकानुशतके ओळखल्या जाणाऱ्या या गावी पोहोचलेल्या दोन्ही संघांचे शिबिराचे ठिकाण मात्र झरा नसलेले बंगळुरू हे आहे.

पाण्यात उतरल्यावर शरीरात काय घडते

पहिला परिणाम वजनावर होतो. कमरेपर्यंतच्या पाण्यात उभे राहिल्यास पायांवर येणारा शरीराचा भार जवळपास निम्म्याने कमी होतो. छातीपर्यंत पाणी असल्यास तो एक तृतीयांशाच्या आसपास आणि मानेपर्यंत असल्यास सुमारे एक दशांश राहतो. गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर जमिनीवर धावण्याची परवानगी मिळण्याआधी खेळाडूला पाण्यात चालविले जाते, ते याच कारणाने.

दुसरा परिणाम दाबाचा. पाण्याच्या एक मीटर खोलीवर शरीराभोवती पाऱ्याच्या सुमारे ७४ मिलिमीटर इतका अतिरिक्त दाब असतो. या दाबाने पायांतील रक्त आणि ऊतींमधील द्रव छातीकडे ढकलला जातो. सामन्यानंतर जड झालेल्या पायांना पाण्यात उभे राहिल्याने हलके वाटते, त्यात या दाबाचा मोठा वाटा असतो. पाणी ऊन असो वा थंड, हा परिणाम होतोच.

तिसरा परिणाम उष्णतेचा. ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात त्वचेतील आणि स्नायूंतील रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायूंचा ताठरपणा कमी होतो, सांध्यांची हालचाल सुलभ होते आणि वेदनेची जाणीव मंदावते. घाम काढणाऱ्या उपचारांत आयुर्वेदाने ‘अवगाह’ म्हणजे ऊन द्रवात बसण्याचा स्वतंत्र प्रकार मानला आहे. चरकसंहितेतील तेरा स्वेदांत त्याची गणना होते.

चौथा दावा खनिजांचा आहे आणि तोच सर्वाधिक वादग्रस्त आहे. निरोगी त्वचेचे मुख्य काम बाहेरचे पदार्थ आत येऊ न देणे हेच आहे. मॅग्नेशियमसारखे क्षार स्नानाच्या अल्पावधीत त्वचेतून उपयुक्त प्रमाणात शरीरात जातात, याला भक्कम पुरावा नाही. बाजारात स्नानासाठी मिळणाऱ्या एप्सम मिठाच्या पुड्यांनाही हीच मर्यादा लागू होते. क्षारांमुळे पाण्याची घनता किंचित वाढून शरीर थोडे अधिक तरंगते, हा परिणाम मात्र खरा आहे.

संशोधन काय सांगते

वैद्यकीय पुराव्यांचे पद्धतशीर परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ मध्ये सांध्यांच्या झिजेवरील खनिजजल स्नानाचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात ७ चाचण्यांतील ४९८ रुग्णांची माहिती होती. कोणताही उपचार न घेणाऱ्यांच्या तुलनेत खनिजजल स्नान घेणाऱ्यांना काही लाभ दिसला. परंतु चाचण्यांची गुणवत्ता पाहता निष्कर्ष सावधपणे घ्यावा, असे नमूद करण्यात आले. ही माहिती सांधे झिजलेल्या रुग्णांची आहे. तरुण खेळाडूला ती जशीच्या तशी लागू करता येत नाही.

खेळाडूंच्या बाबतीत मुख्य प्रश्न असतो तो कठोर सरावानंतर उशिरा सुरू होणाऱ्या स्नायुदुखीचा. ही दुखी साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते. तिचे कारण लॅक्टिक आम्ल साचणे हे नाही. ते सराव संपल्यावर सुमारे तासाभरात रक्तातून कमी होते. दुखीचे मूळ स्नायुतंतूंना होणाऱ्या सूक्ष्म इजेत आणि तिच्या दुरुस्तीसाठी होणाऱ्या दाहात असते. म्हणूनच ‘ऊन पाण्याने आम्ल निघून जाते’ हा तालमींत आणि व्यायामशाळांत ऐकू येणारा समज टिकत नाही.

२००८ मध्ये ऑस्ट्रेलियात ताकदीचा सराव करणाऱ्या ३८ पुरुषांवर झालेल्या अभ्यासात थंड, ऊन आणि आलटून-पालटून थंड-ऊन अशा तिन्ही स्नानांची तुलना करण्यात आली. स्नायुदुखीतून सावरण्यात थंड आणि आलटून-पालटून घेतलेली स्नाने सरस ठरली. ३८ अंशांच्या पाण्यातील स्नानाचा लाभ स्नायूंच्या स्थिर ताकदीपुरता मर्यादित राहिला. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ चाचण्यांतील ३६६ जणांच्या माहितीवरून थंड पाण्यातील स्नानाने विश्रांतीच्या तुलनेत दुखी कमी होते, असे आढळले.

याचा अर्थ बर्फाचे स्नान सर्वांना आणि नेहमी योग्य, असा मात्र नाही. २०१५ मध्ये ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २१ पुरुषांनी १२ आठवडे वजनांचा सराव केला. सरावानंतर १० अंशांच्या पाण्यात १० मिनिटे बसणाऱ्यांच्या स्नायूंची वाढ आणि ताकद, हलका व्यायाम करून थंडावणाऱ्यांच्या तुलनेत कमी भरली. दुखी लवकर जावी म्हणून दाह दडपला, की स्नायू बळकट होण्याची प्रक्रियाही मंदावते, असे त्यातून दिसले. म्हणून स्पर्धांच्या धावपळीत, दोन सामन्यांत एखादाच दिवस असताना थंड स्नान उपयोगी ठरते. ताकद कमावण्याच्या काळात त्याचा वापर जपूनच करावा लागतो.

ऊन पाण्याचे दोन उपयोग अलीकडे अधिक ठळक झाले आहेत. पहिला झोपेचा. टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये केलेल्या एकत्रित विश्लेषणानुसार झोपण्यापूर्वी एक ते दोन तास आधी ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने स्नान केल्यास झोप सरासरी सुमारे १० मिनिटे लवकर लागते. स्नानानंतर त्वचेवाटे उष्णता बाहेर पडून शरीराचे अंतर्गत तापमान उतरते आणि तोच झोपेचा संकेत ठरतो. खेळाडूच्या शरीराची बहुतांश दुरुस्ती झोपेतच होत असल्याने हा लाभ लहान नाही.

दुसरा उपयोग उष्ण हवामानाची सवय होण्याचा. वेल्समधील बँगर विद्यापीठातील २०१६ च्या अभ्यासात धावपटूंनी सलग सहा दिवस सरावानंतर ४० अंशांच्या पाण्यात ४० मिनिटांपर्यंत स्नान केले. त्यानंतर उष्ण हवेतील ५ किलोमीटर धावण्याची त्यांची वेळ सुमारे ५ टक्क्यांनी सुधारली. बंगळुरूच्या सौम्य हवेत सराव करून उन्हाळ्यात चेन्नई किंवा नागपूरसारख्या ठिकाणी स्पर्धेला जाणाऱ्या खेळाडूंच्या दृष्टीने हा निष्कर्ष लक्षणीय आहे. अशा स्नानात शरीराचे तापमान चढत असल्याने ते जाणकार व्यक्तीच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते.

कोणत्या दुखण्याला कोणते पाणी

घोटा मुरगळणे, स्नायू फाटणे, मुका मार लागणे अशा ताज्या दुखापतीत पहिले दोन ते तीन दिवस ऊन पाणी, शेक आणि जोराचे मर्दन टाळावे, हा क्रीडावैद्यकातील सर्वमान्य नियम आहे. रक्तवाहिन्या रुंदावल्याने आतील रक्तस्राव आणि सूज वाढते. गावातील सामन्यात पाय मुरगळलेला खेळाडू दुसऱ्याच दिवशी ऊन पाण्याच्या कुंडात उतरला, तर हाच अपाय संभवतो. पायावर भार देता येत नसेल, सांधा वेडावाकडा दिसत असेल किंवा बधिरपणा आला असेल, तर स्नानाचा विचार बाजूला ठेवून क्ष-किरण तपासणी करून घेणे आवश्यक असते.

जुनाट पाठदुखी, आखडलेली मान, शस्त्रक्रियेनंतर जखम पूर्ण भरल्यावर राहिलेला सांध्याचा ताठरपणा यांत ऊन पाणी उपयोगी पडते. उपचारासाठीच्या तलावांत पाणी साधारण ३३ ते ३६ अंशांवर ठेवले जाते. स्पर्धेच्या जलतरण तलावात ते २५ ते २८ अंश असते. उपचाराच्या तलावात नुसते बसून न राहता हालचाली आणि व्यायाम केले जातात. सावरण्यातील खरा वाटा या व्यायामाचा असून पाणी तो सुसह्य करते.

धोके कोणते

नैसर्गिक कुंडांत पाण्याचे तापमान नियंत्रित नसते. ६० अंशांच्या पाण्याने प्रौढ माणसाची त्वचाही काही सेकंदांत भाजते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या व्यक्तींना आणि मणक्याच्या इजेमुळे कमरेखालची जाणीव गमावलेल्या दिव्यांग खेळाडूंना पाणी किती ऊन आहे हे कळतच नाही. अशांनी तापमापकाने किंवा दुसऱ्या व्यक्तीच्या हाताने खात्री करूनच पाण्यात उतरावे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, ताप, उघडी जखम आणि गर्भावस्था या स्थितींत वैद्यकीय सल्ल्याशिवाय ऊन पाण्यात बसू नये.

जंतुसंसर्गाचा धोकाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. उबदार गोड्या पाण्यात वाढणारा निग्लेरिया फाउलेरी हा अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचल्यास होणारा आजार अत्यंत दुर्मिळ, पण बहुधा प्राणघातक असतो. पाणी पोटात गेल्याने तो होत नाही. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अमिबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण आढळल्याने या विषयाकडे देशाचे लक्ष वेधले गेले. कुंडात डुबकी न मारता डोके पाण्याबाहेर ठेवणे, ही साधी खबरदारी त्यावर उपयोगी आहे.

कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्युदो अशा वजनगटांच्या खेळांत ऊन पाण्याचा आणखी एक वापर होतो, तो म्हणजे घाम गाळून वजन उतरविण्याचा. त्याचा दुखणे बरे करण्याशी काहीही संबंध नाही. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस सुमारे महिनाभरात तीन महाविद्यालयीन मल्ल वजन घटविताना मरण पावले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने सौना आणि तत्सम उपायांवर बंदी घातली. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगाट १०० ग्रॅम वजन जास्त भरल्याने अंतिम लढतीपूर्वी अपात्र ठरली, तेव्हा वजन उतरविण्याच्या या पद्धतींची भारतात व्यापक चर्चा झाली. शरीरातील पाणी कमी झालेले असताना ऊन पाण्यात बसणे मूत्रपिंड आणि हृदय या दोहोंवर ताण आणते.

पाण्याची किंमत

बंगळुरूपुढे या उपचाराचा आणखी एक प्रश्न आहे, तो पाण्याच्या उपलब्धतेचा. शहराला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून उपसून आणावे लागते. मार्च २०२४ मधील तीव्र टंचाईच्या काळात शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने जलतरण तलावांसाठी पिण्याच्या पाण्याचा वापर करण्यास मनाई करून पाच हजार रुपये दंडाची तरतूद केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा दररोज ७७.५ कोटी लिटर क्षमतेचा पाचवा टप्पा सुरू झाला. तरीही उपचाराच्या तलावातील पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे येथील संस्थांच्या दृष्टीने अपरिहार्य आहे.

सामान्य खेळाडूला यासाठी मोठ्या केंद्राची किंवा दूरच्या तीर्थाची गरज भासतेच असे नाही. गुण मुख्यतः उष्णतेचा आणि पाण्याचा असल्याने घरातील टबात किंवा हौदात ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात १० ते १५ मिनिटे बसणे बहुतेकांना पुरेसे असते. टब नसल्यास पिंडरी आणि घोट्यांसाठी खोल बादलीही चालते. आधी आणि नंतर पाणी पिणे, चक्कर किंवा धडधड जाणवताच बाहेर येणे, एकट्याने न उतरणे आणि स्नानानंतर एकदम उभे न राहणे, ही पथ्ये कुंड असो वा घर, सर्वत्र सारखीच आहेत. आठवडाभरात कमी न होणारी किंवा रात्री झोपेतून जागे करणारी वेदना असल्यास ती स्नानाने दाबून न ठेवता डॉक्टरांना दाखवावी, असा क्रीडावैद्यकाचा दंडक आहे.